फादर नेहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे : वादाचें बळ व वादाची मर्यादा

भोर-वेल्ह्याच्या मुलखांत राहणाऱ्यास तट म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले आमच्या मुलांनीं लहानपणापासून पाहिलेले असतात. राजगडाच्या संजीवनी माचीचा दुहेरी तट पाहून मन थक्क होतें; परंतु जो गडावर थोडा वेळ राहिला आहे त्यास एक गोष्ट लवकरच उमजते. तट कितीही बळकट असला तरी तहान भागावयाची ती पद्मावती तळ्याच्या व टांक्यांच्या पाण्यानें, आणि पोट भरावयाचें तें खालच्या खोऱ्यांतून वर येणाऱ्या भातानाचणीनें. तट शत्रूस थोपवितो. पाणी देणें हें त्याचें काम नव्हे.

धर्माच्या बाबतींतही असा एक तट आहे. आपल्या श्रद्धेवर आलेल्या आक्षेपांस उत्तर देणें आणि तिचीं कारणें विचारणाऱ्यापुढें मांडणें, यास ख्रिस्ती लोक धर्मसमर्थन म्हणतात. ग्रीक भाषेंत याला अपोलोगिया असा शब्द आहे. न्यायासनापुढें आरोपीनें दिलेलें उत्तर असा त्याचा मूळ अर्थ. प्रेषित पेत्राच्या पहिल्या पत्रांत हें उत्तर देण्यास नेहमीं सिद्ध असावें असें सांगितलें आहे, आणि तें सौम्यतेनें द्यावें हेंही त्याच ठिकाणीं सांगितलें आहे. पहिला भाग लोकांच्या ध्यानांत राहिला. दुसऱ्याचा विसर पुष्कळदां पडला.

मिशनच्या शाळेंत मूल घालतांना पुष्कळ आईबापांच्या मनांत एक धास्ती असते, कीं वादाच्या जोरावर आपल्या मुलाचा धर्म कोणी हिरावून तर घेणार नाहीं ना. इकडे ख्रिस्ती आईबापांस वाटतें कीं चार सोबत्यांनीं प्रश्न विचारले असतां आपला मुलगा निरुत्तर तर होणार नाहीं ना. या दोन्ही धास्तींच्या मुळाशीं समजूत एकच आहे : धर्म वादानें जिंकतां येतो व वादानें हरतांही येतो. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं आम्ही आज एका महाराष्ट्रीय पंडिताचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. वाद करण्यांत ज्याचा हात धरणारे थोडे होते, असा हा पुरुष. आणि वादाची मर्यादा त्याच्याइतकी स्वतःच्या जिवावर सोसलेलीही माणसें थोडींच असतील.

तो काळ धर्मवादाचा होता. मुंबईंत १८३१ सालीं डॉ. जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. पुढें १८५७ च्या आरंभीं विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकांठीं पाद्र्यांशीं वाद केला, तो ऐकावयास लोकांची गर्दी लोटत असे. आमच्या न्यायशास्त्रानें अशा बोलण्याचे तीन प्रकार केले आहेत. सत्य कळावें म्हणून जो बोलतो त्याचा वाद. आपण जिंकावें एवढ्यासाठींच बोलतो त्याचा जल्प. आणि स्वतःचें असें कांहींच न मांडतां केवळ दुसऱ्याचें मोडतो त्याची वितंडा. समुद्रकांठच्या त्या सभांतून या तिहींचें मिश्रण होत असे. आमच्या चरित्रनायकास हा भेद उत्तम ठाऊक होता, कारण न्यायशास्त्र हें त्याच्या अध्ययनाचेंच एक अंग होतें.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजीं झांशीजवळील काशीपुरा गांवीं झाला. घराणें मूळ कोंकणचें, चित्पावन ब्राह्मणांचें. बुंदेलखंडांत जाऊन बांद्याच्या नबाबांच्या पदरीं राहिलेलें. नीळकंठाचें बाळपण व शिक्षण काशींत झालें. व्याकरण, न्याय इत्यादि शास्त्रें त्यांनीं तेथील पंडितांपाशीं अभ्यासिलीं, आणि तरुण वयांतच त्यांची गणना विद्वानांत होऊं लागली.

याच सुमारास एका पुस्तकामुळें पंडितमंडळींत खळबळ माजली होती. जॉन म्यूर नांवाच्या स्कॉटलंडच्या गृहस्थांनीं १८३९ सालीं मतपरीक्षा हें पुस्तक संस्कृत पद्यांत लिहिलें. हे म्यूर ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी असून संस्कृताचे मोठे व्यासंगी होते. गुरुशिष्यांच्या संवादरूपानें त्यांनीं ख्रिस्ती धर्माचें मंडन व हिंदु मताचें खंडन केलें होतें. त्यास तीन पंडितांनीं संस्कृतांतच उत्तरें दिलीं. पहिलें उत्तर सोमनाथ या नांवानें लिहिणारे महाराष्ट्रीय पंडित सुबाजी बापू यांचें. त्यांचा सूर समजुतीचा होता, निरनिराळ्या लोकांसाठीं ईश्वरानेंच निरनिराळे मार्ग ठेविले आहेत असा. दुसरें बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन यांचें. तें बरेंच तिखट होतें. तिसरें उत्तर १८४४-४५ सालीं काशीच्या नीळकंठ गोऱ्हे यांनीं शास्त्रतत्त्वविनिर्णय या नांवानें लिहिलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें एकोणीस-वीस वर्षांचें होतें.

या ग्रंथांत तरुण शास्त्र्यांनीं दोन मुद्दे विशेष जोरानें मांडले. एक असा कीं, मनुष्याची बुद्धि तोकडी आहे. शास्त्रावर आधीं श्रद्धा ठेवावी व तर्कानें तिच्या मागून चालावें. केवळ तर्कानें शास्त्राची परीक्षा करूं पाहणें हेंच मुळीं चुकीचें. दुसरा असा कीं, निरपराध बालकें दुःख कां भोगतात याचें उत्तर कर्मसिद्धान्त देतो. उलट एका जन्माच्या पापासाठीं अनंत काळ शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा म्हणावा, याचें उत्तर ख्रिस्ती लोकांनीं द्यावें. हे दोन्ही मुद्दे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे, कारण ते शास्त्रीबोवांच्या पाठीशीं जन्मभर लागले.

काशीस त्या वेळीं विल्यम स्मिथ या नांवाचे मिशनरी होते. त्यांना गप्प करावें अशा हेतूनें नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे जाऊं लागले. स्मिथसाहेबांनीं त्यांच्या हातीं बायबल दिलें. खंडन करावयाचें तर ग्रंथ वाचला पाहिजे, म्हणून शास्त्र्यांनीं तो वाचिला. आणि वाचतां वाचतां प्रभु येशूच्या डोंगरावरील प्रवचनाची त्यांच्या मनावर पकड बसली. जो पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचा, तोच हळूहळू सिद्धान्त वाटूं लागला. पुष्कळ दिवस मनाची ओढाताण होऊन अखेर १४ मार्च १८४८ रोजीं त्यांनीं जौनपूर येथें बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हें नांव धारण केलें.

येथें थोडें थांबून दुसऱ्या बाजूकडेही पाहिलें पाहिजे. काशींतील एका शास्त्र्याच्या घरांतून वडील मुलगा असा निघून जातो, तेव्हां त्या घरावर काय प्रसंग गुदरतो याची कल्पना आमच्या वाचकांस सहज करतां येईल. जातीचा धाक, शेजाऱ्यांचे टोमणे, श्राद्धपक्षाची चिंता, सारेंच एकदम अंगावर कोसळतें. तर्काच्या पुस्तकांत या दुःखाला कोठें जागा नसते. धर्मसमर्थन करणारानें ज्या माणसांशीं आपण बोलतों त्यांना आईबाप आहेत, घर आहे, हें विसरूं नये, एवढा बोध तरी यांतून घेतला पाहिजे. पुढें नेहेम्यांची पत्नी लक्ष्मीबाई हिनेंही ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. १८५३ सालीं त्यांना एक कन्या झाली. पण मातेचें छत्र त्या मुलीस फार दिवस लाभलें नाहीं. एलन लक्ष्मी गोऱ्हे या नांवानें ही कन्या पुढें इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून प्रसिद्धीस आली. ती इंग्रज मिशनरी कुटुंबांत वाढली व मोठेपणीं सेवेसाठीं हिंदुस्थानांत परत आली.

१८५४ सालीं पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग विलायतेस गेले. त्यांच्याबरोबर पंडित म्हणून नेहेम्याही गेले. ज्या देशानें मिशनरी पाठविले तो देश पाहण्याची त्यांना केवढी उत्सुकता असेल! पण तेथें गेल्यावर त्यांच्या मनास मोठा धक्का बसला. सुप्रसिद्ध पंडित मॅक्समुल्लर यांनीं आपल्या आठवणींत या भेटीचें वर्णन केलें आहे. हा शास्त्री त्यांना ऑक्सफर्ड येथें अत्यंत खिन्न मनःस्थितींत भेटला. शुभवर्तमानांत वाचलेला धर्म त्याला लंडनच्या रस्त्यांत दिसेना, आणि हाच जर ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे असें त्यास वाटूं लागलें होतें. उत्तमांतील उत्तम समर्थनग्रंथ ज्याच्या मनाचें समाधान करूं शकत होते, त्याचें मन लोकांच्या वर्तनानें डळमळलें. मॅक्समुल्लरसाहेबांनीं त्यास धीर दिला. तो आपली श्रद्धा घेऊन परत आला. परंतु हा अनुभव तो कधीं विसरला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

परत आल्यावर त्यांनीं आपला सर्वांत मोठा ग्रंथ हातीं घेतला. षड्दर्शनदर्पण हें त्याचें नांव. तो त्यांनीं हिंदींत लिहिला व १८६० सालीं तो छापला गेला. संस्कृताचे अमेरिकन पंडित फिट्झएडवर्ड हॉल यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर १८६२ सालीं प्रसिद्ध केलें. सांख्य, न्याय, मीमांसा, वेदान्त इत्यादि दर्शनांचीं मतें घेऊन त्यांवर त्यांनीं यांत आक्षेप घेतले आहेत. परक्या माणसानें ऐकीव माहितीवर केलेली ही टीका नव्हती. ज्यानें हीं शास्त्रें गुरूच्या पायांशीं बसून शिकलीं त्याचें हें लिहिणें होतें.

उदाहरणार्थ वेदान्त घ्या. वेदान्ती सत्तेचे तीन प्रकार मानतात. दोरीवर दिसणारा साप ही प्रातिभासिक सत्ता, हें जग व्यावहारिक सत्ता, आणि ब्रह्म तेवढें पारमार्थिक सत्ता. गोऱ्हे यांचा प्रश्न असा कीं, व्यावहारिक जग खरोखर असेल तर ब्रह्म एकटें राहत नाहीं. आणि नसेल तर त्यास सत्ता म्हणणें हा शब्दांचा घोटाळा होय. तसेंच अज्ञान जर मुळांत खोटें, तर त्यानें जीवास खरें बंधन कसें पडलें? प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु वेदान्त्यांपाशींही याचें उत्तर आहे : अज्ञान सत् नव्हे, असत् नव्हे, तें अनिर्वचनीय आहे. त्या उत्तरावर पुन्हा आक्षेप घेतां येतो, व त्या आक्षेपावर पुन्हा उत्तर. तसेंच, दुसऱ्याच्या मताची एक कोटी ढासळली म्हणजे आपलें मत उभें राहिलें असें होत नाहीं. सहाही दर्शनें चुकलीं असें क्षणभर धरलें तरी त्यावरून येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे हें कसें निघावें? खंडनाची धांव तेथें संपते. पुढें साक्ष लागते, इतिहास लागतो, आणि मनुष्याच्या अंतःकरणाची कांहीं हांक लागते.

पुढें पुढें गोऱ्हे यांच्या दृष्टींतही फरक पडलेला दिसतो. ज्या परंपरेचें त्यांनीं इतकें खंडन केलें, तिनेंच आम्हां हिंदी लोकांस ख्रिस्ताकडे येण्यासाठीं तयार केलें असें ते मानूं लागले. अनन्य भक्ति, वैराग्य, नम्रता, क्षमा हे शब्द या देशांत कोणास शिकवावे लागत नाहींत, असें त्यांचें म्हणणें असे.

बाप्तिस्म्यानंतर तब्बल वीस वर्षांनीं, १८६८ सालीं, ते डीकन झाले व १८७० सालीं त्यांस कलकत्त्यास पाळकपदाची दीक्षा मिळाली. नंतर ते अँग्लिकन मंडळींतील काउली फादर्स या संन्यस्तवृत्तीच्या संघांत उमेदवार म्हणून दाखल झाले. परंतु त्या संघाचें कायमचें व्रत त्यांनीं अखेरपर्यंत घेतलें नाहीं. त्यांचें पुष्कळसें उत्तरायुष्य इंदूर, मुंबई व पुणें या भागांत गेलें. पुण्याच्या पंच हौद मिशनांत ते राहत. राहणी अत्यंत साधी, बोलणें मोजकें.

मुंबई-पुण्यास त्या वेळीं प्रार्थनासमाजाची चळवळ जोरांत होती. १८७५ च्या सुमारास गोऱ्हे यांनीं या मंडळींपुढें व्याख्यानें दिलीं. त्यांचें म्हणणें असें कीं, पवित्र, प्रेमळ व पापाची क्षमा करणारा असा जो ईश्वर तुम्ही मानतां तो तुमच्या बुद्धीस आपोआप सुचला नाहीं. ज्या ख्रिस्ती शिकवणीच्या वाऱ्यांत तुम्ही वाढलां तिच्यापासून तो तुम्हांकडे आला आहे. म्हणजे केवळ बुद्धीनें धर्म पुरा होत नाहीं हा त्यांचा तरुणपणचा मुद्दाच येथें पुन्हा नव्या वेषानें उभा राहिला. समाजाच्या विद्वान् पुढाऱ्यांस हें पटलें नाहीं, आणि ते आपल्या मार्गानें चालतच राहिले. त्यांत कोणाची लबाडी नव्हती. प्रामाणिक माणसें तोच युक्तिवाद ऐकून निरनिराळ्या ठिकाणीं पोंचतात, ही गोष्ट धर्मसमर्थकानें पचविलीच पाहिजे.

एका श्रोत्यावर मात्र गोऱ्हे यांच्या विचारांचा खोल परिणाम झाला. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. १८८२ सालीं त्या पुण्यास आल्या, तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, व फादर गोऱ्हे यांची व त्यांची ओळख झाली. १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या. गोऱ्हे यांच्या लिखाणानें आपल्या बुद्धीची खात्री झाली असें रमाबाईंनीं पुढें स्वतः नमूद केलें आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. वाद करणाऱ्यास याहून मोठें यश कोणतें हवें?

परंतु गोष्ट तेथें संपत नाहीं. बाप्तिस्म्यानंतरही त्रैक्यासारख्या मतांवर रमाबाईंचे प्रश्न थांबले नाहींत, आणि विलायतेंतील त्यांच्या गुरुभगिनींशीं त्यांचा पत्रांतून वाद चालू राहिला. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त अजून मिळाला नाहीं, असें त्यांना वाटे. जें समाधान त्या शोधीत होत्या तें त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं लाभलें, आणि तें कोणाच्या युक्तिवादानें लाभलें नाहीं. गोऱ्हे यांनीं दार उघडलें होतें; आंत पाऊल टाकणें रमाबाईंचें त्यांनाच करावें लागलें. पुढें दुष्काळांतल्या अनाथ मुलींसाठीं केडगांवास त्यांनीं जें मुक्तिसदन उभारिलें, त्याच्या दारांत आलेल्या उपाशी मुलीस षड्दर्शनांचें खंडन कोणी ऐकविलें नसेल. तिला भाकरी मिळाली, तीच तिच्यापुरती साक्ष.

आतां चरित्रनायकाच्या अंतरंगाकडे पाहूं. लोकांच्या शंकांचें निरसन करणारा हा पंडित स्वतः मात्र जन्मभर शंकांनीं ग्रासलेला होता, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारानें लपविलेली नाहीं. अनंत शिक्षेविषयींचा जो प्रश्न त्यांनीं विसाव्या वर्षीं ख्रिस्ती लोकांस टाकला, त्याच प्रश्नावर १८६८ सालीं ख्रिस्ती म्हणून त्यांना स्वतःच पुस्तक लिहावें लागलें. जो बाण दुसऱ्यावर सोडला तो परत येऊन आपल्याच अंगणांत पडला, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यांनीं तो दुर्लक्षिला नाहीं, हें त्यांच्या मनाचें सच्चेपण. पाळकपद घेण्यास वीस वर्षें लागलीं, संघाचें अखेरचें व्रत राहूनच गेलें; यांतही आपल्या योग्यतेविषयीं साशंक असलेलें तेंच मन दिसतें. आणि तरी ते प्रार्थना करीत राहिले, शिकवीत राहिले. २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनीं, १९५१ सालीं, उज्जैनच्या सिंदिया प्राच्य संस्थेनें एक संस्कृत ग्रंथ संपादून छापला. तो ग्रंथ म्हणजे तरुण नीळकंठानें ख्रिस्ती धर्माविरुद्ध लिहिलेला शास्त्रतत्त्वविनिर्णय. एकाच माणसाचीं दोन्ही बाजूंचीं उत्तरें आज वाचकांस मिळूं शकतात. ज्यास धर्मसमर्थनाचा अभ्यास करावयाचा आहे त्यानें तीं दोन्ही शेजारीं ठेवून वाचावींत, असें आम्ही सुचवितों.

मग धर्मसमर्थनाचा उपयोग तरी काय, असें कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. खोटे आक्षेप दूर होतात, गैरसमज मिटतो, प्रामाणिक प्रश्नास प्रामाणिक उत्तर मिळतें, आणि आपण काय मानतों हें बोलणाऱ्यासही नीट कळतें. गोऱ्हे यांनीं बायबल वाचलें तें वादासाठींच; वाद करावयाचा नसता तर कदाचित् तें त्यांच्या हातींही पडलें नसतें. परंतु श्रद्धा निर्माण करणें वादाच्या शक्तीबाहेरचें आहे, आणि जडलेली श्रद्धा जन्मभर निःशंक ठेवणेंही त्याच्या शक्तीबाहेरचें आहे. ज्यास या दोन गोष्टी कळल्या त्याचें बोलणें आपोआप सौम्य होतें.

आमच्या मुलखाचा अनुभवही हेंच सांगतो. पूर्वी भोर संस्थानांत नसरापूर येथें पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचें काम चाले. खेड्यांतल्या शेतकऱ्यास मतपरीक्षेचे श्लोक ऐकावयास वेळ नव्हता. समोरचा माणूस आजाऱ्यापाशीं कसा वागतो, दिलेला शब्द पाळतो कीं नाहीं, हें मात्र तो बारकाईनें पाही, आजही पाहतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत किंवा वसतिगृहांत धर्माची चर्चा निघाली तर पळूं नका, आणि तुटूनही पडूं नका. आधीं दुसऱ्याचें मत असें मांडून दाखवा कीं त्यानें मान डोलवून होय म्हणावें. गोऱ्ह्यांनीं ज्या शास्त्रांत शिक्षण घेतलें तीं हाच नियम शिकवितात. उत्तर येत असेल तर सांगा. येत नसेल तर येत नाहीं म्हणा. ज्या मुलाशीं सकाळीं वाद घातला त्याच्याच शेजारीं बसून दुपारीं डबा खातां आला, तर तो वाद वादच राहिला, जल्प झाला नाहीं, असें समजावें. आणि आईबापांस आमची एवढीच विनंती कीं, मुलानें घरीं येऊन अवघड प्रश्न विचारला तर त्यास दटावूं नये. प्रश्न विचारणारें मूल हातचें गेलें असें नाहीं. काशीच्या त्या शास्त्र्यानें मरेपर्यंत प्रश्न विचारले, आणि मरेपर्यंत प्रार्थनाही सोडली नाहीं.

राजगडाचा तट आम्हांस प्यारा आहे व तो ढासळूं नये असेंच आम्हांस वाटतें. पण गडावर चढून गेलेला वाटसरू आधीं पाण्याची वाट विचारतो, ही गोष्ट तट बांधणारानेंही ध्यानांत ठेविली होती. म्हणून तर त्यानें तटाच्या आंत तळें राखलें.